ठकीची प्रोफाइल

विगवाल्या बाईंचा दबदबा दोन गोष्टींसाठी होता. त्यांच्या हातचा विग आणि डोक्यावर उगवलेले केस यांतला फरक ओळखणारा माईचा लाल अजून जन्माला यायचा होता. निदान बाई तसं छातीठोकपणे सांगायच्या. आणि नेटवरच्या त्यांच्या प्रोफाइलमध्ये परकं चिटपाखरूही शिरू शकत नसे.

नात्यात कुणी नवा फोन घेतला की तो आधी बाईंच्या हातात यायचा. चष्मा नाकावर ओढून बाई सेटिंग्जमध्ये घुसायच्या. जन्मतारीख लपवायच्या, नंबर लपवायच्या, आपण कुठे आहोत ते जगाला कळवायचं बंद करायच्या. कुणी आपल्याला फोटोत टॅग केलं तर आधी आपली परवानगी, हे तर हवंच. सगळं झालं की एक बटण दाबून तीच प्रोफाइल परक्या माणसाला कशी दिसते ते पाहायच्या. "बघ, परक्याला नुसतं बंद दार दिसतंय," असं म्हणून फोन परत देताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की फोनवाल्याला आभार मानावेच लागायचे.

त्यांची कामाची खोली एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. मोठी खिडकी, खिडकीशी लांब टेबल, टेबलावर बारीक खिळ्यांची फणी आणि मागच्या फळीवर लाकडी डोकी. डोक्यांना नाक नाही, डोळे नाहीत; नुसता कपाळापासून मानेपर्यंतचा गुळगुळीत आकार. त्यावर जाळी ताणायची आणि आकड्याने एकेक केस ओवून गाठ मारायची. सगळ्या केसांची मुळं एका दिशेला हवीत, एखादा उलटा गेला की गुंता झालाच. कपाळावरची रेघ सर्वांत अवघड. तिथे बाई श्वास रोखून काम करायच्या आणि मध्ये कुणी बोललं तर खेकसायच्या.

गिऱ्हाइकाचं नाव त्या खोलीत उच्चारायचं नाही, हा त्यांचा नियम. विगला टोपणनाव असायचं. बिजली आज न्यायची आहे, मैना कानाशी नीट बसत नाही, असं चालायचं. फोटो टाकायचा तोही लाकडी डोक्यावरच्या विगचा. बाईंच्या प्रोफाइलवर माणसाचा चेहरा शोधूनही सापडला नसता.

त्यांच्या वहिनीचे केस औषधोपचारात गेले. आजार हटला, वहिनी पुन्हा ऑफिसला जायला निघाली, आणि आरशापाशी अडली. एका दुपारी ती जिना चढून आली, डोक्याचा रुमाल सोडला आणि खुर्चीत बसली.

"वन्सं," ती म्हणाली. आजकाल नणंदेला असं कुणी म्हणत नाही, पण वहिनीला चिडवायला तो शब्द आवडायचा. आज मात्र तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "मला सुंदरबिंदर करू नकोस. मी होते तशी मला परत कर. एवढंच."

"माझ्यावर सोड."

"आणि ऑफिसात कुणाला सुगावा लागता कामा नये. सगळ्या बघायला टपल्यात."

"अगं, तुला स्वतःला विसर पडेल," बाई म्हणाल्या.

भिंतीवरच्या खुंटीला एक जुना शेपटा लटकत असायचा. बाईंनी ज्यांच्याकडे काम शिकलं, त्या म्हाताऱ्या बाईंनी तो जाताना दिला होता. दाट, काळा, उन्हात धरला तर तांबूस झाक मारणारा. कुणाचा ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि बाईंनी विचारलं नव्हतं. या धंद्यात विचारत नाहीत. इतकी वर्षं त्याला हात लावावा असं डोकं भेटलं नव्हतं. आता बाईंनी तो खुंटीवरून काढला. काम सुरू झालं आणि विगला नाव पडलं ठकी.

ठकीने बाईंना जिंकलं. केस स्वतःहून आकड्यात यावेत तसे येत होते. शेवटची गाठ मारून बाईंनी तिला लाकडी डोक्यावर बसवलं, खिडकीशी नेलं, फोटो काढला आणि मोठ्या तोऱ्यात प्रोफाइलवर टाकला.

फोटोवर लगेच एक चौकट उमटली. 'या फोटोत एक व्यक्ती आहे. तुम्ही हिला ओळखता का?'

बाई खो खो हसल्या. चेहरे ओळखायची ती सोय त्यांनी मुद्दाम चालू ठेवली होती. आपला फोटो कुणी चोरून टाकला तर कळावं म्हणून. त्या तशाच खाली गेल्या आणि चष्मेवाल्या काकांपुढे फोन धरला.

"मशीनसुद्धा फसलं, काका! लाकडाचा ठोकळा आहे हो तो."

काकांनी फोन जवळ घेतला, लांब धरला. "चौकट जरा खाली आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"केसांभोवती नाही. जिथे चेहरा असायला हवा, बरोबर तिथे आहे."

"तुम्हाला कौतुक म्हणून करता येत नाही," असं म्हणून बाईंनी फोन ओढून घेतला आणि काकांच्या देखत चौकटीत नाव लिहिलं : ठकी.

त्या फोटोचं जे कौतुक झालं ते बाईंच्या आयुष्यात आजवर झालं नव्हतं. धंद्यातल्या नाकं मुरडणाऱ्यांनीही हात जोडले. बाई दिवसभर हवेत होत्या. संध्याकाळी चहा पिताना फोनवर ओळ आली : 'ठकीचे आणखी फोटो सापडले.'

फोटो बाईंचाच होता, फक्त स्वतःला दिसेल असा ठेवलेला, धंदा नुकता मांडला तेव्हाचा. खोली नवी, केसांत पांढरा नाही, ओठांवर विजयी हसू. चौकट मात्र त्यांच्याभोवती नव्हती. ती मागच्या भिंतीवर होती, खुंटीवरच्या शेपट्याभोवती.

बाईंनी चहा संपवला. केस तेच आहेत, मशीनने केस ओळखले, त्यात काय एवढं, असं त्या स्वतःशी मोठ्याने म्हणाल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी आवाज जरा चढाच लागला.

मग ठकीची मैत्रीची विनंती आली.

कुणा वात्रटाचं काम, असं ठरवून बाईंनी ते खातं उघडलं. फोटो नाही. जन्मतारीख नाही, ठिकाण नाही, मित्रमंडळी नाहीत. परक्याला नुसतं बंद दार. एकही फट राहिलेली नव्हती. चोर असो की साव, शिकलाय चांगल्या हाताखाली, असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांना आपल्याच विचाराची गंमत वाटली. त्यांनी रीतसर तक्रार नोंदवली. उत्तर आलं : 'आम्ही तपासणी केली. ही व्यक्ती खरी आहे.'

ब्लॉक करायला अंगठा पुढे गेला. पण ब्लॉक केलं की जिथे तिचं नाव आहे तो फोटोही उतरणार होता. आयुष्यातला सर्वांत गाजलेला फोटो. बाईंनी अंगठा मागे घेतला. कुणाच्या चावटपणापायी मी माझी कला का झाकू, असं त्यांना मनापासून वाटलं.

वहिनी विग घालून ऑफिसला गेली आणि जिंकून आली. कुणाला संशयही आला नाही. उलट एकजण म्हणे कानाशी येऊन विचारून गेली, तेल कोणतं लावतेस? नणंद-भावजय पोट धरून हसल्या. बाईंनी दोघींचा फोटो काढला आणि दोघींनाच दिसेल असा ठेवला. फोटोखाली नावं आपोआप उमटली. एक बाईंचं. दुसरं ठकीचं.

बाईंनी ते खोडून वहिनीचं नाव घातलं. ते राहिना. 'या व्यक्तीने हा टॅग मान्य केला आहे.'

त्यांनी वहिनीला काही सांगितलं नाही. बिचारी किती दिवसांनी हसत होती.

पुढच्या वेळी वहिनी आली ती जिन्यातूनच हाक मारत. विग घट्ट बसलेला, केस मोकळे, आणि चेहरा उतरलेला.

"वन्सं, माझी सेटिंग्ज बघ गं. तूच केलीयेस ना? घरी विग काढून ठेवला की फोन मला ओळखतच नाही. घातला की लगेच उघडतो."

"केस गेल्यावर चेहरा वेगळा दिसतो. त्यात घाबरायचं काय?"

"ते असू दे. माझे जुने फोटो गेले. लग्नातले, ट्रिपचे, सगळे. माझे केस होते तेव्हाचे."

बाईंनी फोन घेतला. फोटो गेले नव्हते. जागच्या जागी होते, प्रत्येकावर कुलपाचं चिन्ह आणि खाली दोन शब्द : 'फक्त मी.'

"बघ, आहेत की. फक्त तुलाच दिसतील असे ठेवलेत."

"हो ना. मग मला का दिसत नाहीत?"

बाईंनी सगळी सेटिंग्ज तपासली. एकही चुकलेलं नव्हतं. इतकी चोख व्यवस्था त्यांनी स्वतःच्या हाताने कधी केली नसेल. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं, खालून काकांच्या दुकानाच्या दाराची घंटी ऐकू आली.

वहिनी खुर्चीत बसून होती, अगदी ताठ. "मला आठवेनासं झालंय," ती हळूच म्हणाली, "माझे होते कसे? कुरळे की सरळ? तू सांग ना."

तेवढ्यात बाईंचा स्वतःचा फोन थरथरला.

'ठकीने तुम्हाला कुटुंबात जोडलं आहे. नातं : आई. मान्य / अमान्य.'

अमान्य करायचं, हे बाईंनी अख्ख्या गोतावळ्याला शिकवलं होतं. अनोळखी माणूस नातं सांगू लागला की विचारसुद्धा करायचा नाही. दाबायचं आणि मोकळं व्हायचं.

वहिनीने मान खिडकीकडे वळवली. उन्हात केसांना तांबूस झाक आली. कपाळावरच्या रेघेतून बारीक बारीक केस वर आले होते, नुकते उगवल्यासारखे. बाईंनी ते ओवले नव्हते.

त्यांच्या छातीत अभिमान दाटून आला. आनंद होता तो, निव्वळ आनंद. हे मी केलं. माझ्या या दोन हातांनी.

त्यांनी 'मान्य' दाबलं.

"अगंबाई, दिसायला लागले!" वहिनी ओरडली. "सगळे फोटो आले!"

ती फोटो पुढे पुढे सरकवत राहिली आणि बाई तिच्या खांद्यावरून पाहत राहिल्या. लग्नात दादाशेजारी उभी, समुद्रावर, पोरांच्या वाढदिवसाला. प्रत्येक फोटोत दाट काळे केस, तांबूस झाकेचे.

"होते तशीच आहे मी," ती म्हणाली. "उगाच घाबरले."

खरे केस कसे होते ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. मऊ, पिंगट, कानाशी वळणारे. ठाऊक होतं, अजून तरी होतं.

वहिनी उठली. पर्स खांद्याला लावली, आरशात पाहून केस मागे सारले. दाराशी थांबून चप्पल घातली आणि रोजच्यासारखी हसली.

"येते हं, आई."

"नीट जा गं, बाळा," बाई म्हणाल्या. "आणि पोचल्यावर फोन कर."