उपाशीपोटी या

मागेसा पहिल्यांदा माझ्याकडे सोनोग्राफीला आला तेव्हा त्याच्या ओठावर साखर होती.

"सकाळपासून काही खाल्लंत?" मी विचारलं.

"दोन मंदाझी, चहाबरोबर. तिसरी तुमच्यासाठी आणलीय."

कागदात गुंडाळलेली, तळणीतली गरम, फुगीर गोड मंदाझी टेबलावर ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं... नजर मीच आधी वळवली. मग समजावलं, की यकृत नि पित्ताशय पाहायचं तर उपाशी यावं लागतं. खाल्लं की पित्ताशय आकसतं, आणि आतड्यातल्या हवेपुढे आमचा आवाज जात नाही. कसला आवाज, त्याने विचारलं. कानाला न ऐकू येणारा, मी म्हटलं. तो पोटात शिरतो, आतल्या भागांवर आपटून परततो. परतायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र चित्र काढतं. दुखत नाही. तो मान डोलवत ऐकत राहिला, जणू मी गाणंच म्हणत होते.

पुढच्या मंगळवारी तो भाजलेलं कणीस खाऊन आला. त्याच्या पुढच्या मंगळवारी संत्री. सरोवरातल्या आमच्या उकेरेवे बेटावर अशा गोष्टी लपत नाहीत. दवाखान्यातल्या वेरोनिका सिस्टर म्हणायच्या, "न्यांगेता, हा होडीवाला पोट दाखवायला येत नाही गं, तुझं तोंड बघायला येतो." मी रागावल्यासारखं करायचे — आणि सोमवारी वेण्या नव्याने घालून घ्यायचे.

चौथ्या खेपेला तो ताटभर मक्याच्या पिठाची उगाली नि मासे खाऊन आला. मी हसत विचारलं, "माझ्यासाठीच येता ना? तसं सांगा, बिचाऱ्या माशांना कशाला त्रास?"

तो हसला नाही.

"येतो तुमच्यासाठीच," तो म्हणाला. "पण खातो ते... भीतीने."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. थोरला भाऊ आणि तो, दोघंही लहानपणापासून सरोवराच्या उथळ पाण्यात उभे राहून होड्या बांधत. त्या पाण्यातल्या गोगलगायींमधून किडा कातडीत शिरतो, हे सगळ्या बेटाला ठाऊक आहे. भाऊ रक्त ओकून गेला.

"तेच माझ्या पोटात दिसलं, तर तुम्ही माझ्याशी असं बोलाल का? रोग्याशी बोलतात तसं बोलाल."

मी एवढंच म्हटलं, "मंगळवारची वाट बघू नका. उद्या या."

तो आला, उपाशी. मी जेलची बाटली तळहातांत धरून आधी जरा गरम केली. त्याचं पोट ताठ झालं होतं. "श्वास घ्या... धरा... सोडा." पडद्यावर बारीक राखाडी वाळूसारखं यकृत उमटलं, आणि शिरांभोवती पांढरे पट्टे... हवे त्याहून जाड. प्लीहाही थोडी वाढलेली.

तो पडद्याकडे बघतच नव्हता. माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

निदान डॉक्टरांनी सांगायचं, असा आमचा नियम. पण चेहरा काही नियम पाळत नाही. मी पडदा त्याच्याकडे वळवला.

"आजार आहे," मी म्हटलं. "मला तरी तो फार पुढे गेलेला वाटत नाही. नक्की डॉक्टर सांगतील. गोळ्या देतील, म्वान्झाच्या मोठ्या इस्पितळात आणखी एक तपासणी करायला लावतील. आणि पाण्यात उतरणं बंद."

तो पोट पुसत म्हणाला, होड्या कोरड्या वाळूवरही बांधता येतात... वेळ जास्त लागतो, इतकंच. आणि पुन्हा कधी यायचं?

"सहा महिन्यांनी. पण तेव्हा मी तपासणार नाही. म्वान्झाचा माणूस येईल."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे तेच झालं ना, मी म्हणत होतो ते..."

"नाही. या कामाला हात स्थिर लागतो," मी म्हटलं. "आज माझा नव्हता."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. जेल अजून बोटांवर तसंच होतं.

"मग तेव्हा तू कुठे असशील?"

"बाहेरच्या बाकावर," मी म्हटलं. "घरची माणसं बसतात तिथे."