चौदा नळ्यांचं इंजिन

मोठं इंजिन डोंगर चढतं. त्याच्या विसाव्या मापाचं, स्क्रूला स्क्रू जुळणारं छोटं इंजिन मात्र पाण्याला धड उकळी आणू शकत नाही. बनवण्यात केसाएवढी चूक नाही. मग घोडं अडलं कुठे?

सन २०५२च्या डिसेंबरात हे कोडं भुसावळच्या एका केळीच्या वखारीत पडलं आणि अकरा वर्षांच्या कृत्तिका फेगडेच्या वाट्याला आलं. वखार म्हणजे कच्ची केळी पिकत ठेवायची लांबलचक खोली. केळी कधीच हलली होती. तिथे आता कृत्तिकाच्या आबांची, म्हणजे आजोबांची, छोटी रेल्वे धावत होती. लाकूड, बूच आणि प्लास्टर यांचा त्यांनी एक अख्खा घाट उभा केला होता. तीन बोगदे, दरीवर एक पूल, आणि चाळीस हात पुढे जाताना एक हात वर जाणारा चढ. घाट इतका हुबेहूब झालाय, असं आबा सांगत, की मागच्या वर्षी एक घार दरीत घरटं बांधायला आली होती. कृत्तिकानं घार पाहिली नव्हती. चिमणी पाहिली होती.

फळीवर एकोणीस इंजिनं उभी होती. आबांनी ती चाळीस वर्षांत कुठून कुठून जमवलेली. परदेशी इंजिन आलं की आधी त्याची चिमणी उतरे, मग कपाळावर मोठा दिवा चढे, पुढे गुरं बाजूला सारणारी जाळी बसे, आणि महिन्याभरात ते इतकं देशी होई की त्याच्या डब्यांत चहावाला शोधावासा वाटे. पण या एकोणीस जणांच्या पोटात विजेची मोटर होती.

विसावं इंजिन वेगळं होतं. आबांचे वडील काशिनाथ फेगडे ज्या इंजिनाचे ड्रायव्हर होते, त्याची ही प्रतिकृती. खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेवर चालणारी. जुने नकाशे आबांनी जपले होते, आणि भाग घडवले मिस्त्रीनं. मिस्त्री हा वखारीतला यंत्रमानव. छताच्या पट्टीला लटकून सरकायचा, सहा हात चालवायचा आणि सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करायचा. जरा जास्तच बरहुकूम.

मंगळवारी इंजिन पेटवलं तेव्हा जळगावचे डिगूकाका सरोदे मुद्दाम पाहायला आले. छोटी रेल्वे बाळगणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्यातले हे आबांचे जुने दोस्त आणि जुने टोचणारे. त्यांची सगळी इंजिनं बॅटरीवर चालत आणि चिमणीतून अत्तराचा धूर सोडत. इंजिनाला कोळसा घालायचं काम आबांनी कृत्तिकाला दिलं होतं. ती लांब दांड्याच्या चमच्यानं चिमूटचिमूट कोळसा घालत राहिली. तासाभरानंही दाबाचा काटा एकाच्या पुढे सरकेना. धूर चिमणीतून वर जायचा तो उलटा भट्टीच्या तोंडातून बाहेर आला आणि आबांच्या मिशा काळ्या करून गेला.

"आबा, एवढ्या वाफेवर चहासुद्धा होणार नाही," डिगूकाका म्हणाले. "बसवून टाका मोटर. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," आबा म्हणाले. मग रागाच्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "रविवारी मंडळ जमेल तेव्हा ही सहा डबे घेऊन घाट चढेल. नाही चढली तर तुमच्यासमोर, माझ्या हातानं हिच्या पोटात मोटर बसवीन."

आबांचा शब्द म्हणजे रुळावरचं चाक, मागे वळायची सोय नाही. कृत्तिकाला माहीत होतं की पणजोबांच्या इंजिनात मोटर बसवली, तर आबा पुन्हा त्या फळीकडे पाहणार नाहीत.

बुधवारी शाळेतून येताच तिनं मिस्त्रीला विचारलं, "तू नेमकं काय काय केलंस?"

मिस्त्रीनं यादी उलगडली. "चार हजार तीनशे बारा भाग, ताई. प्रत्येकाची लांबी, रुंदी, उंची विसावी. बॉयलर (पाणी उकळून वाफ साठवणारी बंद टाकी) विसाव्या मापाचा. भट्टीतली गरम हवा पाण्यामधून चिमणीकडे नेणाऱ्या नळ्या मूळ इंजिनाइतक्याच, एकशे वीस. प्रत्येकीचं भोक अडीच मिलिमीटर. बॉयलरवर मोठ्या इंजिनाला चार बोटं जाड अस्तर होतं. मी तेही विसावं केलं."

"म्हणजे उपरण्याएवढं पातळ."

"उपरण्याचं माप माझ्याकडे नाही. कोळसा तर मी वजनावर दिला. मोठं इंजिन तासाला दोन टन जाळायचं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही विसाव्या, म्हणजे वीस गुणिले वीस गुणिले वीस. आठ हजारावा भाग. अडीचशे ग्रॅम. खडेसुद्धा विसाव्या आकाराचे फोडले."

"आणि खाली ही तीन नावं आहेत, त्यांच्यापुढे खूण का नाही?"

"हवा, पाणी आणि आग. ती विसाव्या मापात मिळाली नाहीत. हवेसाठी सात दुकानांत चौकशी केली. एका दुकानदारानं माझ्या मालकाचा फोन नंबर मागितला."

कृत्तिका पोट धरून हसली. पण अंथरुणात पडल्यावर तिला वाटलं, आपण हसलो खरं, पण यादीत अडलं आहे ते बरोबर याच तीन नावांपाशी.

गुरुवारी दुपारी तिची आई अंगणात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. भरिताची भलीमोठी हिरवी वांगी, आणि त्यांच्या बाजूला टोपलीत उरलेली दोन बारकी. सगळी एकदमच जाळातून निघाली. थोड्या वेळानं कृत्तिकानं बारकं वांगं उचललं तर ते कोमट. मोठ्यातला घास तोंडात टाकला आणि जीभ पोळली.

"आई, दोन्ही एकाच वेळी काढलीस ना?"

"हो. लहान वांगं लगेच निवतं. त्यात नवीन काय?"

"पण का निवतं?"

"मी वांगी भाजते गं, त्यांची चौकशी करत नाही," आई म्हणाली.

चौकशी कृत्तिकानंच करायची ठरवली. पोळलेली जीभ बाहेर ठेवून ती वखारीत पळाली. फलाटासाठी आणलेले लाकडी ठोकळे तिथे पडले होते, सगळ्या बाजू सारख्या असलेले. तिनं एक ठोकळा समोर ठेवला.

"मिस्त्री, हे वांगं समज. याला बाहेरच्या बाजू किती?"

"सहा. पण हे वांगं नाही."

"समज म्हटलं. उष्णता साठते ती पोटात आणि निसटते ती कातडीतून. इथे एक ठोकळा पोट आणि सहा बाजू कातडी." मग तिनं आठ ठोकळे रचून दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच असा मोठा ठोकळा केला. "आता?"

"बाहेर दिसणाऱ्या बाजू चोवीस. ठोकळे आठ."

"म्हणजे कातडी चौपट झाली, पण पोट आठपट. आधी एका ठोकळ्यामागे सहा बाजू होत्या, आता तीनच. तिप्पट केला तर?"

"बाजू चौपन्न, ठोकळे सत्तावीस. एकामागे दोन."

कृत्तिका जमिनीवरच बसली. वस्तू मोठी होत गेली की पोट भराभर वाढतं, कातडी मागे पडते. म्हणून मोठं वांगं ऊब धरून बसतं. मग उलट गेलं तर? वीसपट लहान केलं तर कातडी चारशेवा भाग उरते, पण पोट आठ हजारावा भाग. म्हणजे पोटाच्या मानानं कातडी वीसपट.

"आठ हजार ठोकळे आणू का?" मिस्त्रीनं विचारलं.

"नको रे. समजलं. कोळसा तू आठ हजारावा दिलास, आणि उष्णता निसटली चारशेव्या भागानं. वीसपट गळकं भांडं भरत होतो आपण."

हा वर्ग-घन नियम (वस्तूचा आकार बदलला की तिचा पृष्ठभाग वर्गाच्या आणि घनफळ घनाच्या प्रमाणात बदलतं, असं सांगणारा नियम). शाळेत तो पुढे कधीतरी येणार होता. कृत्तिकाला तो जिभेवर आधी आला.

"आणि नळ्यांचंही तेच असेल," ती सावकाश म्हणाली. "नळीची भिंत म्हणजे कातडी, भोक म्हणजे पोट. भिंतीला घासून जाणारी हवा अडखळते. मोठ्या नळीत मधली हवा मोकळी सुटते. अडीच मिलिमीटरच्या नळीत मधली म्हणून हवाच नाही, सगळी भिंतीजवळची. म्हणून धूर उलटा आला. इंजिन लहान झालं मिस्त्री, हवा तेवढीच राहिली."

"दुकानदारही तेच म्हणाला होता," मिस्त्री म्हणाला.

उपाय मग कागदावर आला. एकशे वीस बारीक नळ्यांऐवजी आठ मिलिमीटर भोकाच्या चौदा. मिस्त्रीनं हिशेब केला. भोकांचं एकूण क्षेत्रफळ थोडं वाढतच होतं, आणि हवेला घासायला मिळणारी भिंत निम्म्याहूनही कमी होत होती. अस्तर जाड हवं, तेही एरोजेलचं (फेसासारखी हलकी, आत जवळजवळ नुसती हवाच असलेली घन वस्तू, जिच्यातून उष्णता फार सावकाश जाते). कोळशाचे खडे मोठे आणि कोळसा मापाहून कितीतरी जास्त.

अवघड काम उरलं ते आबांचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद परत केला.

"बापाच्या इंजिनात एकशे वीस नळ्या होत्या, कृत्ती. लहानपणी मी त्या मोजल्यात. चौदा घातल्या तर ती खोटी प्रतिकृती होईल."

"आणि मोटर घातली तर खरी?"

आबांची नजर फळीकडे गेली.

"आबा, त्या एकोणीस इंजिनांच्या चिमण्या तुम्ही बदलल्यात, दिवे बदललेत. तेव्हा नाही काही वाटलं?"

"ते वरचं रूप. हे पोटातलं आहे."

"वरचं एका रिव्हेटनंही बदलायचं नाही. पण पणजोबा काय पाहायचे हो, नळ्यांचा आकडा की दाबाचा काटा?"

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काच स्वच्छच होती.

"काटा," ते म्हणाले. "काट्यावरून नजर काढली तर मला टपली बसायची." मग छताकडे बघून म्हणाले, "मिस्त्री, चौदा. पण पितळेच्या पाटीवर तसं कोरायचं. फेगडे लपवाछपवी करत नाहीत."

शुक्रवार-शनिवार मिस्त्रीचे सहा हात दिसेनासे झाले होते, इतके फिरत होते. नवा बॉयलर आधी थंड पाण्यानं भरून, नेहमीच्या दुप्पट दाब देऊन तपासला. तो थेंबभरही गळला नाही, तेव्हाच आबांनी काडीपेटी हातात घेतली.

रविवारी मंडळाची तेवीस माणसं वखारीत दाटीवाटीनं उभी राहिली. काटा एकावर आला, दोनावर आला, आणि मग तिथे न रेंगाळता पाचावर जाऊन बसला. आबांनी वाफेची दांडी ओढली. इंजिनानं एक जड श्वास सोडला, सहा डबे एकामागून एक खडखडले आणि गाडी निघाली.

पहिला बोगदा सहज गेला. पुलावर चाकं जरा घसरली, आबांनी दांडी किंचित मागे घेतली, चाकांनी रूळ पुन्हा धरला. दुसऱ्या बोगद्याच्या अलीकडे काटा चारावर उतरला. तिसऱ्या बोगद्यातला चढ सगळ्यांत उभा होता. कृत्तिका रुळाच्या कडेनं चालत होती. तिनं भट्टीचं दार उघडलं. आत विस्तव पिवळा पडला होता. तिनं मोठे खडे निवडून, पसरून, एक चमचा घातला. थांबली. मग आणखी एक. जाळ पांढरा झाला. आबा इंजिनाकडे नाही, तिच्या हाताकडे पाहत होते.

गाडी तिसऱ्या बोगद्यात शिरली. आवाज मंद झाला, दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं. डिगूकाकांनी तोंडातली सुपारी चघळायची थांबवली. मग बोगद्याच्या पलीकडच्या तोंडातून आधी वाफ आली, तिच्या मागून दिवा, आणि दिव्यामागून पणजोबांचं इंजिन आलं, सहाच्या सहा डबे घेऊन. घाटमाथ्यावर काटा पाचावर होता. वाफ उरून वाया चालली होती.

डिगूकाका वाकून पितळी पाटी वाचू लागले. "चौदा? आबा, मूळ इंजिनात तर एकशे वीस होत्या. मग ही प्रतिकृती कसली?"

आबांनी हातांची घडी घातली.

"ते मला विचारू नका. मी नुसता ड्रायव्हर. आमच्या इंजिनिअरबाईंना विचारा."

तेवीस माणसं वळली. कृत्तिकाच्या नाकावर कोळसा होता. तिनं आठ ठोकळे मागवले, फलाटावर रचले आणि वांग्यापासून सुरुवात केली. तिचं सांगून झालं तेव्हा डिगूकाकांनी त्या ठोकळ्यांच्या बाजू स्वतः एकदा मोजून पाहिल्या. मग त्यांनी खिशातून कागद काढला. "त्या नळ्यांचं माप जरा लिहून दे बेटा. माझंही एक इंजिन बॅटरीला कंटाळलंय."

चहाच्या वेळेपर्यंत आबांच्या तोंडी सहा डब्यांचे नऊ झाले होते, आणि संध्याकाळी शेजारच्यांना सांगताना घाट दीडपट उंच. नळ्या मात्र त्यांनी प्रत्येक वेळी चौदाच सांगितल्या, आणि त्या कोणी सुचवल्या तेही.

कृत्तिकाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती गार होत आलेल्या बॉयलरला पाठ टेकून वहीत आकडे मांडत होती. वीसपट लहान केलं तर हवा इतकी अडते. मग खसखशीएवढं यंत्र केलं तर? त्याला हवा काकवीसारखी दाट लागेल. त्याला नळ्या चालणारच नाहीत, चाकंही कदाचित नाहीत. रक्तातून फिरून औषध पोचवणारी, त्याहूनही बारीक यंत्रं बनवायचा खटाटोप जगात चालू आहे, असं तिनं ऐकलं होतं.

"आबा, सगळ्यांत लहान यंत्राला ढकलायचं कसं?"

आबा येऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसले, गुडघे कुरकुरले तरी.

"मला नाही माहीत," चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा इतक्या आनंदानं म्हटलं. "तू शोध. मी कोळसा घालतो."