गोठण गल्लीचा भयांक

महापालिकेच्या भयगणना केंद्रात हवालदार खंडेराव परखे टोपी हातात धरून उभा होता. समोरच्या पडद्यावर त्याच्या गोठण गल्लीचा आकडा होता: अकरा.

"बाराच्या खाली राहिलं की चौकी बंद," केंद्रप्रमुख डॉ. शलाका रेगे म्हणाल्या. "सोमवारपर्यंत बघू."

सुरक्षा निधी कुणाला किती, यावर नगरसेवक दरवर्षी घसे फोडायचे. जो तो म्हणायचा, माझाच वॉर्ड सर्वांत असुरक्षित. शेवटी वैतागून त्यांनी दिव्याच्या खांबाखांबावर भयमापी बसवले. माणसाची नाडी, घाम, श्वास लांबूनच टिपणारे. जिथे भयांक जास्त, तिथे निधी आणि पोलीस जास्त. भांडण मिटलं.

"मॅडम, आमच्याकडे भीती नाही, कारण एकोणीस वर्षं मी तिथे बसलोय."

"असेल. पण यंत्र भीती मोजतं, तिचं कारण नाही. पाल बघून घाबरा नाहीतर दरोडेखोर बघून, आकडा तोच."

"म्हणजे चौकी गेली, चोऱ्या झाल्या, लोक घाबरले, की मी परत?"

"अगदी बरोबर!" डॉक्टरबाई खूश झाल्या. "नगरसेवकांना हे समजायला वर्ष लागलं."

गल्लीने चौकी वाचवायचा चंग बांधला. निवृत्त मास्तरीण सिंधूताई कारखानीस यांनी सगळ्यांना खांबाखाली बसवून भुताच्या गोष्टी सांगितल्या. मंडळी पोट धरून हसली. आकडा नऊवर आला.

"काय करणार?" सिंधूताई हवालदाराला म्हणाल्या. "तुम्ही समोर बसलेले. भीती वाटणार कशी?"

परखेला ते लागलं. सोमवारी सकाळी, कुणाला न सांगता, त्याने इस्त्रीवाल्या सदू गवंड्याची कॉलर धरली, भर गल्लीत त्याला फरफटवलं आणि दिसेल त्या दारावर काठी आपटली. गल्ली चिडीचूप. आकडा एकतीस!

दुपारी त्याने सदूचे पाय धरले, घरोघर जाऊन माफी मागितली. लोक हसलेही. पण तोवर यंत्राने आपलं काम केलं होतं. जिथे भीती, तिथे पोलीस: चाळीस अनोळखी शिपाई गाड्यांतून उतरले. ते बघून गल्ली घाबरली. आकडा अठ्ठावन्न. मग आणखी ऐंशी शिपाई. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या, आकडा ब्याऐंशी.

परखे धावत केंद्रात गेला. "बाई, परत न्या त्यांना!"

"लोक शांत झाले की यंत्रच नेईल."

"ते तिथे असताना लोक शांत कसे होतील?" परखेने टेबलावर मूठ आपटली. डॉक्टरबाईंची खुर्ची मागे सरकली. कोपऱ्यातला भयमापी लाल झाला.

"अहो, मागे व्हा," त्या पुटपुटल्या. "इथला आकडा नव्वद झालाय. सगळे शिपाई इकडे निघाले."

"गल्लीतले?"

"गल्लीतलेच."

पडद्यावर गोठण गल्ली उतरू लागली. साठ. चौतीस. परखेला हायसं वाटलं. खाली जिन्यावर बुटांचा दणदणाट सुरू झाला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हवालदार, गेले हो सगळे!" सिंधूताई ओरडत होत्या. "सदू पेढे वाटतोय. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!"

अठरा. तेरा.

"ताई," परखे काकुळतीला येऊन म्हणाला, "पाया पडतो, जरा घाबरा ना."

पलीकडे अख्खी गल्ली खो खो हसली.