विनोदिनीची जामीनकी

पहिला घाव पिशव्यांवर होता. धारगळच्या घराच्या पडवीत विनोदिनीनं काजूच्या कलमांच्या चाळीस पिशव्या ओळीनं मांडल्या होत्या, आणि तिचा धाकटा भाऊ गौरेश, ज्याला आईच्या माघारी तिनं घास भरवून, न्हाऊ घालून लहानाचा मोठा केला, तोच आज कोयता घेऊन त्या पिशव्यांवर तुटून पडला होता... एकेक कोवळं रोप मुळाशी छाटत, माती उडवत, लाथांनी तुडवत! तिनं न राहवून आडवा हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं मातीत पडली. तिथं तो थांबला असता तर अपघात म्हणून सगळं निभावलं असतं. पण तो थांबला नाही. त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं, कोयता पुन्हा उचलला आणि तिच्या खांद्यावर घातला.

"राखणदाराच्या झाडाक कोयतो लायलंस तू," तो म्हणाला, "माझ्या चेडवाचो पाय तुझ्यामुळे मोडलो."

भाटाच्या, म्हणजे घरच्या बागायतीच्या, हद्दीवरचा तो जुना काजू राखणदाराचा, जमीन राखणाऱ्या दैवताचा. त्याच्या बुंध्याशी वर्षातून एकदा रोट ठेवायचा, नारळ द्यायचा, आणि त्याच्या फांदीला हत्यार म्हणून लावायचं नाही, हे घरात वडिलांच्याही आधीपासून चालत आलेलं. विनोदिनी आठ वर्षांपूर्वी येशूच्या मार्गाला लागली, रविवारी म्हापशाला प्रार्थनेला जाऊ लागली, तेव्हापासून रोट गौरेश ठेवायचा. बहिणीचं तिला, आपलं आपल्याला, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. यंदा तो काजू वाळायला लागला. वीस वर्षं रोपवाटिकेत कलमं बांधणाऱ्या विनोदिनीचा जीव त्याच्या टपोऱ्या बियांत अडकलेला. झाड गेलं तरी त्याचा वंश राहावा म्हणून तिनं कुणाला न विचारता त्याच्या कोवळ्या काड्या कापून आणल्या आणि त्यांचीच ती चाळीस कलमं बांधली. त्यानंतर पाचव्या दिवशी गौरेशची मुलगी प्रिया हरमलहून कामावरून येताना स्कूटरवरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. आणि सहाव्या दिवशी गौरेशला त्या झाडावरचे ताजे काप दिसले.

म्हापशाच्या इस्पितळात विनोदिनी शुद्धीवर आली ती प्रार्थना करत नव्हे. तिला गौरेशचे हात हवे होते... दोन्ही, मनगटापासून! त्याला तसाच कुणीतरी तुडवावा, त्यानं लहानपणी बहिणीला मारायचा तशा 'बाय, बाय' म्हणून हाका माराव्यात आणि आपण तोंड फिरवावं, अशी चित्रं ती दोन दिवस डोळे मिटून रंगवत होती. येशूचं नाव ओठांवर आलं की ती दात आवळायची. लग्नाची दोन स्थळं याच्यासाठी परतवली, याच्या तापात रात्री जागवल्या, आणि यानं आपल्याला लाकडासारखं तोडलं! हा अपमान जखमेहून जास्त ठणकत होता.

तिसऱ्या दिवशी भावजय रेश्मा आली. पोलिसांनी गौरेशला नेलं होतं, दुपारी जबाब घ्यायला ते इथं येणार होते. रेश्मानं विनोदिनीचे पाय धरले. बोटांवरच्या घावाचंच सांग, म्हणाली. मध्ये हात आला म्हण, खांद्यावरचं पडताना लागलं म्हण.

"तुझो येशू माफ करूक सांगता मगे?" ती म्हणाली. "मग करून दाखय."

नर्स खांद्याची पट्टी बदलायला आली होती, आणि विनोदिनीनं मान वळवून ती शिवण पाहिली. कापलेली एक कड कापलेल्या दुसऱ्या कडेला भिडवून आवळलेली... हे तर तिचं रोजचं काम! वीस वर्षं ती नव्या पोरींना शिकवत आली होती की नुसती काडी कापून चालत नाही, रोपही चिरावं लागतं. दोघांची ओली बाजू एकमेकीला लागली तरच कलम धरतं. आणि इथं ती दोन दिवस एकटीचीच जखम कुरवाळत बसली होती! गौरेशला कुठं लागलं होतं, हे तिनं विचारलंच नव्हतं. पोरगी प्लास्टरमध्ये, आणि जे झाड तो देवासारखं भिऊन जपत होता, ते सख्ख्या बहिणीनं चोरून कापलेलं. तिला ते नुसतं झाड वाटत होतं. त्याची भीती तिनं मनातल्या मनात हसण्यावारी नेली होती, आणि त्या हसण्यालाच ती आठ वर्षं आपली श्रद्धा समजत होती. तिला स्वतःची शरम वाटली.

पोलीस आले. विनोदिनीनं दोन्ही घाव सांगितले. दुसरा त्यानं बघून घातला, हेही सांगितलं. मग राखणदाराच्या झाडाच्या काड्या आपण न विचारता कापल्या, ती आपली चूक, असं सांगून तेही लिहून घ्या म्हणाली. हवालदार म्हणाला की त्याची गरज नाही. ती म्हणाली की मग सही करणार नाही. त्यानं कुरकुरत लिहून घेतलं.

बाहेर उभ्या रेश्मानं हे ऐकलं आणि आत येऊन तिच्या तोंडात मारली. सगळा वॉर्ड बघत होता.

"माफ केलंय मी तेका," विनोदिनी गाल धरून म्हणाली. "पण खोटां सांगूचंय नाय."

असल्या माफीला जाळायचं काय, असं रेश्मा म्हणाली, आणि तिचं तरी काय चुकलं? कोठडीत गौरेशला जबाबाची बातमी लागली तेव्हा त्यानं गजांवर कपाळ आपटून रक्त काढलं. बायनं सूड उगवला, एवढंच त्याला कळलं.

तीन आठवड्यांनी पेडण्याच्या कोर्टात त्याचा जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. बहिणीवर कोयता चालवणाऱ्यासाठी गावातलं कोण उभं राहणार? चुलतभाऊ आले नाहीत, मित्रांचे फोन बंद. गौरेश दोन पोलिसांमध्ये मान घालून बसला होता, कपाळावर काळी खपली. वकील कागद आवरायला लागला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून विनोदिनी उठली. उजवा हात गळ्यातल्या झोळीत, त्याला पट्टी, डाव्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत भाटाच्या तिच्या वाट्याचा एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा, उतारा होता, वडिलांनी तिच्या नावे केलेला, तिच्या म्हातारपणाचा एकुलता आधार.

वकिलानं तिला बाजूला घेऊन विचारलं, हा पळाला तर जमीन जाईल, समजतंय का? ज्याच्याविरुद्ध तुमचाच जबाब आहे, त्याला तुम्हीच जामीन? ती म्हणाली, जबाब खरा आहे, आणि भाऊही माझाच आहे. अपराध अपराधच राहतो आणि तरी कुणीतरी आपलं सगळं पणाला लावून अपराध्याच्या बाजूला उभं राहतं... आठ वर्षं प्रार्थनेत ती हेच ऐकत आली होती, रडतही होती, पण त्यासाठी काय मोजावं लागतं हे तिला आज, हातात उतारा धरून, पहिल्यांदा समजलं!

कारकुनानं बाँड पुढे केला. उजव्या हातानं सही होईना. डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचं ठरलं. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडत होता आणि तिला दुसऱ्या हातानं तो दाबून धरता येत नव्हता. कारकून वैतागला. गौरेश उठला. पोलिसांनी त्याचं मनगट पकडलं, मग का कोण जाणे, सोडलं. त्यानं येऊन दोन्ही हातांनी कागद टेबलावर दाबून धरला. त्याच हातांनी! तिनं अंगठा टेकवला.

"बाय," तो म्हणाला, "मी पळान गेलंय तर?"

"तर भाट जायत."

त्याच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं. कारकुनानं ओरडून ते टिपून घेतलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर गौरेश मटकन बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. आणि त्याच्या शेजारी टेकत विनोदिनीनं त्याला सांगितलं की झाडाला हात लावण्याआधी तुला विचारायला हवं होतं, मी तुझ्या भीतीला हसले. रेश्मा खालच्या पायरीवर तोंडाला पदर लावून उभी होती.

गौरेशनं डोळे पुसून मान वर केली. खटला चालेल, सजा होईल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तारखेक मी कबूल करतलंय," तो म्हणाला. "दोनूय घाव. तू येशीत?"

"येतलंय," विनोदिनी म्हणाली, आणि डाव्या हाताचा आधार देऊन तिनं त्याला उठवलं.