निवेदिता तिला उभं करील

टेमघरच्या आमच्या इमारतीला लागूनच कापड विणणाऱ्या लूमचा गाळा आहे. भिंतीतून त्याची खटखट अखंड येत राहते, त्यामुळे आमच्या घरात सगळे जरा मोठ्यानेच बोलतात. आईही बोलायची. अर्धांगवायूने डावा पाय गेला तरी तिचा शाळेत शिकवतानाचा आवाज शाबूत होता. तीन वर्षं तिला उचलणं, बसवणं, न्हाऊ घालणं मी केलं. "तुझे पाय धडधाकट आहेत, तुला काय कळणार?" असं ती म्हणायची. मी खोलीतून चालत गेले की ती माझ्या पायांकडे बघत राहायची. त्या नजरेला माया म्हणता येणार नाही. तरीही ती गेल्यावर तिच्या पलंगावरची चादर काढायला माझा हात धजला नाही.

दहाव्याला आम्ही कामवारी नदीच्या काठावर होतो. पिंडाला कावळा शिवेना. माझा भाऊ केदार पुण्याहून आला होता. फ्लॅट विकणार नाही, वर्षश्राद्ध नीट करू, असं त्याने हात जोडून सांगितलं. कावळे झाडावरून हलले नाहीत. ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघू लागले. मग मृणालीमावशी माझा हात धरून पुढे झाली.

"ताई, तुला पायांवर उभं राहायचं होतं ना? निवेदिता तुला उभं करील. आता तरी जेव."

कावळा लगेच उतरला.

"बघा! पोराचं ऐकलं नाही, बहिणीचं ऐकलं," मावशी हसली. "चला, भुका लागल्यात सगळ्यांना."

घरी येताना जिन्यातच माझी डावी मांडी भरून आली. दगदग झाली असेल, असं मला वाटलं. पण पुढच्या आठवड्यात मला जमिनीवरून उठताना कशाला तरी धरावं लागलं. मग पोटऱ्या दुखू लागल्या, आतून कुणी पीळ घालून पाणी काढावं तशा. मला अठ्ठाविसावं चालू आहे. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. "आई गेलीय, ताण असणारच," डॉक्टर म्हणाले. मी मिळेल ते वाचून काढलं. दुःख शरीरात उतरतं, असं पुस्तकांत असतं. आधी कोणत्या पायात, ते कुठेच नव्हतं.

आईच्या पलंगावरची चादर मधोमध दबलेली होती, ती सपाट झाली. आता कडेला सुरकुत्या पडत होत्या, कुणी पाय खाली सोडून बसावं तशा.

शुक्रवारी लूम बंद असतात. त्या शांततेत मला पहिल्यांदा ऐकू आलं. एक पाऊल. मग फरफट. पुन्हा पाऊल.

संध्याकाळी खालच्या चंद्राकाकू वरण-भात घेऊन आल्या. मी दार नुसतं लोटून ठेवत असे.

"बरी दिसतेयस की गं! दुपारभर नुसत्या येरझाऱ्या. फक्त तो पाय ओढू नकोस बाई, माझ्या डोक्यावर घासतो."

मी अंथरुणात होते. सकाळपासून मला उभं राहता आलं नव्हतं.

मी मावशीला फोन केला. "तू दिलेला शब्द मागे घे."

"वेडी आहेस का? असं मागे घेता येतं?"

"मग माझंच नाव का घेतलंस? तुझं घ्यायचंस."

 ती थंडपणे म्हणाली, "आधी माझंच घेतलं होतं, मनात. कावळा हलला नाही."

फोन तिनेच ठेवला.

पुढच्या शुक्रवारी फरफट ऐकू आली नाही. दोन्ही पावलं नीट पडत होती. ती माझ्या दारापर्यंत आली, थांबली, वळून गेली. मी पायांची बोटं हलवायचा प्रयत्न केला.

मी केदारला सांगितलं, "आत्ता ये. मला इथून बाहेर काढ." घर सोडलं तर उरलंय तेवढं तरी वाचेल, अशी माझी समजूत होती.

तो आला तो मानकोली नाक्यावरून गाडी ठरवूनच. त्याने घराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि मला पाठीवर घेतलं. जिना उतरताना माझे पाय भिंतीवर आपटत होते. मला ते फक्त दिसत होतं.

मागच्या सीटवर त्याने मला आडवं केलं आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. "ठाण्याला गेलो की सगळं होईल, निवी," तो म्हणाला. "चलो भाई."

ड्रायव्हर बसला नाही. आम्हाला कधीही न पाहिलेला तो तरुण मुलगा पुढचं डावं दार उघडून, जरा वाकून उभा होता.

"आइए अम्मा, आगे बैठिए. पाँव फैला लीजिए आराम से."

तो थोडा वेळ थांबला. मग पदर दारात अडकू नये म्हणून सारतात तसा त्याने हात आत नेला, आणि दार हलकेच लावलं.