उपाशीपोटी मेडिकल

हे बघ, मेडिकल लावणं म्हणजे तसं काही विशेष नसतं. पॉलिसी मोठी असली किंवा माणूस चाळिशीपलीकडचा असला, की कंपनी म्हणते, आधी तपासा. मग आम्ही एजंट दवाखान्यात वेळ घेतो, नाहीतर नर्सच घरी घेऊन जातो. घरी बरं पडतं. दवाखान्याची रांग बघून लोक पळतात, शपथ! आदल्या दिवशी मी प्रत्येकाला तेच पाठ म्हणून दाखवते. संध्याकाळनंतर खाणं बंद, कॉफी बंद, दारू तर विसराच. कुठे रेंगाळू नका, सरळ घरी जाऊन झोपा. सकाळी आम्ही येईपर्यंत उपाशी बसा. एकदा एका महाभागाने रात्री लग्नात भाजलेलं डुक्कर इतकं हाणलं होतं, की सकाळी रक्ताच्या नळीत वर चरबी तरंगत होती. तेव्हापासून मी जास्तच दटावते.

कुया डोमेंगलाही, म्हणजे डोमेंगदादालाही, हेच सांगितलं. हेच सगळं, याच शब्दांत.

डोमेंग आमच्या खाडीकाठच्या मालाबोनचाच. जहाजावर स्वयंपाकी. बायको बाळंतपणात गेली, घरात तो आणि त्याची सहा वर्षांची मिका. दोन दिवसांनी त्याला जहाज पकडायचं होतं. फॉर्म भरताना त्याचं एकच पालुपद, "निंग, पाण्यावर मला काही झालं तर या पोरीला कोण गं? ती सुरक्षित पाहिजे, बस." म्हणून मी धावपळ करून दुसऱ्याच दिवशीची सकाळ मिळवली. नर्स म्हणून कुया रोडेलला गाठलं. बारा वर्षं हेच काम करतोय तो. जाडा, गप्पिष्ट, मोटारसायकलच्या मागे ईसीजीचं मशीन बांधून गल्लोगल्ली फिरतो.

भरतीचं पाणी गल्लीत घोट्यापर्यंत आलं होतं. चांगलं उजाडलेलं, लोक दारात दात घासतायत, कोणाचा तरी रेडिओ चालू. म्हणजे घाबरायचं काही कारणच नाही, कळतंय का तुला? पण डोमेंगच्या घरात पाय टाकला आणि अंगावर काटा आला. गार. बाहेर घाम फुटतोय आणि आत फरशी बर्फासारखी. आणि वास... विझलेल्या मेणबत्तीचा, सांपागीताच्या सुकलेल्या फुलांचा.

"काय हो, देवघर धुतलंत की काय सकाळी सकाळी?" रोडेल म्हणाला.

"नाही सर. रात्रीपासूनच येतोय वास," डोमेंग म्हणाला. चेहरा ओढलेला. "झोपच नाही. कोणीतरी चपला घासत फिरतंय असं वाटत होतं."

"भूक फिरत असेल पोटात!" मी म्हणाले. सगळे हसलो.

मिका आत पडद्यामागे झोपली होती. रोडेलने वजन घेतलं, ब्लडप्रेशर बघितलं, रक्त काढलं. "वा, तुमचं रक्त बघून डास रांग लावतील!" त्याचा नेहमीचा जोक. मग डोमेंगला बाकावर आडवं केलं, छातीला आणि हातापायांना वायरी चिकटवल्या, आणि मशीनमधून कागद सरकायला लागला.

रोडेल कागदाकडे बघतच राहिला.

"काय झालं?"

"वायरी उलट्या लागल्या वाटतं." त्याने काढल्या, परत लावल्या. कागद परत बाहेर आला. सगळे ठोके पालथे. नेहमी वर जाणारी टोकं खाली, आणि मध्ये मोठ्ठे मोठ्ठे खंड. एक ठोका... मग काहीच नाही... मग दुसरा.

"बारा वर्षं झाली ना रे तुला?" मी चिडवलं. तो हसला नाही. छातीवरच्या वायरी त्याने एकेक करून उजव्या बाजूला नेल्या, आरशात दिसेल तशा. आणि कागदावर टोकं सरळ आली.

"डोमेंग, तुझं काळीज उजवीकडे आहे हे कोणी सांगितलंय तुला कधी?"

"काहीतरीच काय सर! दर वर्षी जहाजवाले तपासतात मला. सगळं नॉर्मल असतं."

रोडेलचा आवाज एकदम खाली आला. "असं मी आयुष्यात एकदाच बघितलंय. इथेच, मागच्या गल्लीत. एक म्हातारा होता. जन्मापासून उजवीकडे. असेच खंड. कंपनीने घेतला नाही त्याला. तो म्हातारा दारात माझा हात धरून उभा. म्हणे, धडधडतंय ना, मग नापास कसं करता? इसिद्रो नाव होतं बघ."

डोमेंग वायरींसकट उठून बसला.

"सर... इसिद्रो आजोबा, आमचा लोलो इसिद्रो, परवा गेला. काल संध्याकाळी मी त्याच्याच मयताला बसून आलो."

मशीन चालूच होतं, कागद सरकत होता.

"मग तिथून कुठे थांबलास?" रोडेलने विचारलं.

"कुठे नाही. बाकीचे पेज प्यायला गेले. मला निंगने सांगितलेलं ना... खायचं नाही, कॉफी नाही, रेंगाळायचं नाही. सरळ घरी जा म्हणाली. तर मी... सरळ घरी आलो."

अगं, आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं हे. मयताच्या घरून थेट आपल्या घरी कधी जायचं नाही. मध्ये कुठेतरी टेकायचं, बेकरीत, पेजेच्या दुकानात, कुठेही. मागे लागलेलं असेल ते तिथेच उतरतं. पण उपाशी माणूस पेजेच्या दुकानात काय करणार? दुसऱ्यांचे वाडगे बघत बसणार?

"उठ," रोडेल म्हणाला. "आत्ताच्या आत्ता चल."

"पोरगी झोपलीये..."

"झोपू दे. आपण हे गेलो आणि हे आलो."

पाणी तुडवत आम्ही डोमेंगला अक्षरशः ओढत कोपऱ्यावर नेलं. त्याने लसणीची गरम पेज प्यायली, वर दोन अंडी खाल्ली. दुकानाबाहेर उभं राहून आम्ही तिघांनी वेड्यासारखे कपडे झटकले. दुकानदारीण म्हणते, "मुंग्या चावल्या का रे तुम्हाला?" मग लांबच्या गल्लीने घरी. दारातच डोमेंग म्हणाला, "निंग, हलकं वाटतंय गं." रंग आला होता चेहऱ्यावर. रोडेलने परत वायरी लावल्या, नेहमीच्या जागी, डावीकडे. टोकं वर! एका लयीत, सुरेख! मी टाळ्या वाजवल्या. डोमेंग रडत हसत होता, आणि रोडेल म्हणाला, "पास रे बाबा, पास! शंभर वर्षं जगशील, कंपनी बुडवशील!"

मेणबत्तीचा वास मात्र होता तसाच होता. ते माझ्या लक्षात आलं, पण मी बोलले नाही.

तेवढ्यात पडदा हलला. मिका बाहेर आली, केस विस्कटलेले, एक हात छातीवर.

"मला पण लाव," ती म्हणाली.

रोडेलला पोरांचं भारी कौतुक. त्याने स्टेथोस्कोप काढला, फुंकर मारून गरम केला, तिच्या छातीला लावला. "अरे बापरे, आत ससा पळतोय की काय!" मिका हसली. तिने त्याचा हात धरला आणि स्टेथोस्कोप हळूच उजवीकडे सरकवला.

रोडेलच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. फक्त डोळे... तो उठला आणि नळ्या माझ्या कानात घातल्या.

डावीकडे लहान मुलाचं काळीज, झुपझुप झुपझुप, घाईत. मग उजवीकडे ऐकलं. आधी काहीच नाही. मला वाटलं, चला, काही नाहीये. आणि मग... एक ठोका. जड. म्हातारा. परत शांत. मग सावकाश दुसरा.

"किती आहेत?" मिकाने विचारलं.

डोमेंगचं जहाज गेलं. तो गेला नाही. पोरीला घेऊन आम्ही पेजेच्या दुकानात गेलो, बेकरीत, बाजारात, दिवसचे दिवस. फादर येऊन पाणी शिंपडून गेले. कोणीच उतरलं नाही. मोठ्या दवाखान्यात फोटो काढला, त्यात काळीज एकच, जागच्या जागी, डावीकडे. डॉक्टर आमच्याकडे बघायला लागला. डोमेंगची पॉलिसी मात्र मंजूर झाली, एका फटक्यात. वारस म्हणून मिकाचं नाव आहे. कागद मीच नेऊन दिले, आणि त्याने ते न बघताच टेबलावर ठेवले.

मी आता स्वतःचा स्टेथोस्कोप घेतलाय. दर रविवारी जाते. मिका खेळते, खाते, भांडते, सगळं ठीक. आणि घरात अजून गारच असतं. डोमेंग माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो, मी काय सांगते म्हणून... आणि मी खोटं सांगते.

उजवीकडचा ठोका होता तसाच आहे. बदलतोय तो डावीकडचा. दर रविवारी थोडा हळू, थोडा जड. मध्ये थांबायला शिकलाय.

काल दोन्हीकडून एकदमच आला.