आय शमसियाच्या घरातला हार

ताये अंगणाच्या दरवाज्यापर्यंत गेला, कडी दोनदा खडखडवली आणि तोंड पाडून परत आला.

"कुलूप आहे ताई. माझी तरतरीच्या पानांची जुडी बाहेर गाडीत राहिलीय. शुक्रवारची दुपार पानं न चघळता काढायची म्हणजे जीव जायचा माझा!"

"जात नाही," अत्सेदे म्हणाली. "कॉफी पी."

तेवढ्यात घराच्या आतून किंकाळी आली.

"हार गेला! माझ्या नेबिलाचा हार गेला! कुणी जागचं हलायचं नाही!"

आय शमसिया उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. साठीची विधवा, गुडघे धरलेले, पण आवाज असा की वेशीवरच्या गाढवांनी कान टवकारावेत. तिनं हात थेट एकाच माणसाकडे रोखला. "तू! तूच आत गेला होतास!"

तो माणूस म्हणजे रेदवान, शहर दाखवणारा वाटाड्या. सकाळपासून तो चार पाहुण्यांना घेऊन हरारभर फिरत होता. वेशी झाल्या, शिंप्यांची गल्ली झाली, मशीद झाली. आय शमसियाचं जुनं घर दाखवायचं आणि मग शेवटचा एरेर दरवाजा, असा त्याचा रोजचा शिरस्ता. त्याच्या हातातला पेला खाली पडून फुटला.

पाहुणे चारच. राजधानी अदिस अबाबाहून आलेले केब्रोमशेठ, जुन्या वस्तूंचे दुकानदार. जिम्माची मेलाट, फोटोग्राफी शिकणारी. दिरे-दावाची अत्सेदे, वीस वर्षं रेल्वेच्या जकात नाक्यावर लोकांची बोचकी उपसून आता ती खासगी तपासाची कामं करायची. आणि तिचा मावसभाऊ ताये, तीस वर्षं हरारमध्ये निळी टॅक्सी चालवणारा. बहिणीनं फुकट फिरवते म्हटल्यावर हा आपल्याच गावात पाहुणा म्हणून हिंडत होता. कुणी ओळखीचं भेटलं की तेवढा लाजायचा.

आय शमसियानं भिंतीवरून शेजारणीला हाक मारली. "अगं, हवालदाराला बोलाव! घरात चोरी झालीय! रेदवाननं केलीय!"

पलीकडून उत्तर आलं, "हवालदार नमाजाला गेलाय. जुम्मा संपला की पाठवते!"

म्हणजे तासभर तरी सुटका नाही. अंगणाच्या भिंती दीड पुरुष उंच, दरवाजा एक, त्याची किल्ली आयच्या कमरेला. डोक्यावर ऊन. शेजारच्या गच्च्यांवर एकेक बाई येऊन वाकून बघायला लागली. आमच्या हरारमध्ये बातमीला पाय लागतात ते असे.

"हा काय प्रकार आहे?" केब्रोमशेठ तापले. "आम्ही पैसे देऊन शहर बघायला आलोय, कोंडून घ्यायला नाही."

"मला गुदमरायला होतंय," मेलाट पुटपुटली.

 रेदवान मात्र कॉफी वाढणाऱ्या आयच्या लेकीकडे, नेबिलाकडे बघत होता. आणि नेबिला जमिनीकडे.

अत्सेदे उठली. "आय, हवालदार येईपर्यंत मी जरा चौकशी केली तर चालेल? माझं कामच आहे ते."

आयनं वर बघितलं. गच्चीवरच्या बायका ऐकत होत्या. "करा की," ती म्हणाली. "माझं काय जातंय?"

आधी झडती झाली. बायकांची अत्सेदेनं घेतली, आयचीही सोडली नाही. पुरुषांची तायेनं. हार कुणाकडेच नव्हता. मग तायेनं घर पालथं घातलं, आणि अत्सेदे एकेकाला अंगणाच्या कडेला बसवून बोलू लागली.

पहिले केब्रोमशेठ.

"तुम्ही हाराला किंमत सांगितली होती."

"सांगितली. बाई नाही म्हणाल्या, विषय संपला. असे हार मी विकत घेतो, उचलत नाही. आणि मी अंगणातून हललो तरी का? विचारा कुणालाही."

ते खरं होतं. मेलाटचंही तसंच. ती पूर्ण वेळ नेबिलाच्या कॉफीच्या भांड्यांचे फोटो काढत होती.

"आत असताना काय काय बघितलंस?" अत्सेदेनं तिला विचारलं.

"तुम्ही बघितलंत तेच. रेदवाननं घरातले बसायचे पाच ओटे दाखवले, कोण कुठं बसायचं ते सांगितलं. चटईवरच बसा म्हणाला, कारण नेबिलानं काल लाल मातीनं सारवलंय, अजून पुरतं वाळलेलं नाही. दारामागच्या छोट्या ओट्यावर चटईच नाही, तिथं पाय ठेवू नका म्हणाला. मग ती नवरा-नवरीची खोली दाखवली. सात दिवस त्या एवढ्याशा कोनाड्यात दोघांनी कोंडून घ्यायचं, जेवण खिडकीतून! मला तर बघूनच घाम फुटला."

"मग?"

"मग दारावरच्या फळीवर गुंडाळून ठेवलेला गालिचा. घरात लग्नाची मुलगी आहे याची ती खूण. लग्न ठरलं की तो खाली काढून अंथरतात. हे सांगताना रेदवान आणि नेबिला दोघंही लाजले. मी फोटो काढणार होते, पण बरं दिसलं नसतं. मग आजींनी हार दाखवला. मेंदी लावलेल्या गोऱ्या तळहातावर सोन्याचे मणी, काय सुंदर दिसत होते! तो फोटो आहे माझ्याकडे."

अत्सेदेनं फोटो मोठा करून बघितला. बराच वेळ बघितला.

"हार कुठून काढला ते कुणी पाहिलं?"

"नाही. आम्हाला पाठ फिरवायला लावली. आणि मग आम्ही सगळे अंगणात आलो. आजी हार ठेवून मागून आल्या."

मग रेदवान येऊन बसला. "बाई, भिंतीतल्या कोनाड्यात चार काळी मडकी आहेत. हार दुसऱ्यात असतो. हे घरच्यांशिवाय फक्त मला ठाऊक आहे. मी इथं दोन वर्षं रोज येतोय. मला कोण सोडणार?"

"आत कशाला गेलास?"

"आय कॉफीला बाहेर आल्या, तेव्हा आठवलं की मोबाइल आत राहिलाय. गेलो, घेतला, आलो. दोन मिनिटं पण नाही झाली." त्यानं छातीवरचा वाटाड्याचा बिल्ला मुठीत धरला. "हा गेला तर पोटाचं काहीतरी करीन. पण उद्या माझ्याकडचे वडीलधारे इथं उत्तर घ्यायला येणार आहेत. नेबिलासाठी मागणी घातलीय मी. चोराला कोण मुलगी देईल? या गावात एकदा नाव गेलं की नातवंडांपर्यंत पुरतं, बाई."

"आयचं उत्तर काय असणार होतं?"

"गल्लीतल्या सगळ्या बायका माझ्या बाजूच्या आहेत. नाही म्हणायला आयंना कारणच नव्हतं."

नेबिला आली ती डोळे पुसतच. "त्यानं नाही घेतला. मला ठाऊक आहे."

"कसं ठाऊक?"

"तसंच ठाऊक आहे," ती म्हणाली. मग एकदम भडकली. "आणि ठाऊक असून काय उपयोग? माझं इथं ऐकतंय कोण? अब्बा गेल्यापासून दोन वर्षं या अंगणाबाहेर पाऊल टाकायचं तर विचारून. पाहुणे येतात, बघून जातात. मी पण बघायच्या वस्तूंतलीच एक झालेय."

ताये घामाघूम होऊन आला. "मडकी, टोपल्या, भिंतीवरची ताटं, उशा, चटया, ती नवरा-नवरीची खोली, चुलीतली राखसुद्धा. काही नाही ताई."

"सगळं बघितलंस?"

"हात लावण्यासारखं सगळं."

अत्सेदे हसली. "शाब्बास. आता सगळ्यांचे पाय बघू."

"पाय?"

"घरात शिरताना चपला-बूट सगळ्यांनी काढले होते ना? तळवे वर करा. केब्रोमशेठ, तुम्ही पण. लाजू नका, मोज्याला भोक असलं तरी चालेल."

भोक होतं. पण मोजा स्वच्छ होता. मेलाटचे, रेदवानचे मोजेही स्वच्छ. आयनं मात्र पाय कपड्याखाली ओढून घेतले. अत्सेदे आत गेली, मोठ्या ओट्याच्या कडेवर बोट टेकवलं, मग दारामागच्या छोट्या ओट्यावर टेकवलं. पहिल्यांदा बोट जेमतेम लालसर झालं. दुसऱ्यांदा ते चिखलात बुडवल्यासारखं निघालं. तिनं रुमालाला बोट पुसलं आणि सगळ्यांना आत बोलावलं.

"आय, एकच विचारते. तुम्ही कॉफीला आलात तेव्हा तुमच्या पेल्यावर लाल बोटं उमटली होती."

"जरा सारवलं. एका जागी माती निघाली होती."

"घरात पाहुणे असताना?"

"माझं घर आहे!" आय म्हणाली. "चोर सोडून मला कसले प्रश्न विचारता?"

"चोराकडेच येतेय," अत्सेदे शांतपणे म्हणाली. "मेलाटच्या फोटोत हार धरलेला तुमचा हात आहे. मेंदी आहे, माती नाही. म्हणजे सारवलंत ते हार दाखवल्यानंतर आणि कॉफीच्या आधी. आम्ही बाहेर गेलो आणि तुम्ही एकट्या आत होतात, त्या चार-पाच मिनिटांत. हार मडक्यात ठेवायला मातीत हात घालावा लागत नाही."

तिनं दारामागं बोट दाखवलं.

"नेबिलानं काल सगळं घर सारवलं. सगळे ओटे वाळत आलेत. फक्त दारामागचा हा छोटा ओटा ओलाकच्च आहे. का? कारण त्याच्यावर कुणीतरी चढलं, पायाचा ठसा उमटला आणि तो ठसा घाईनं सारवून मिटवला. आमच्यापैकी कुणी चढलं असतं तर मोजे लाल झाले असते. आणि रेदवान आत गेला तो तुम्ही कॉफीला आल्यावर. तेव्हा तुमची बोटं आधीच लाल होती."

"पण ताई," ताये म्हणाला, "त्या ओट्यावर चढून मिळतं काय? वर तर नुसता..." आणि तो मध्येच थांबला. जीभ चावून त्यानं वर बघितलं.

"बोल ना. वर काय आहे?"

"गालिचा."

"तीस वर्षं या गावात राहिलास म्हणून तू त्याला हात लावला नाहीस. लग्न ठरल्याशिवाय तो कुणी काढत नाही. रेदवान काढणार नाही, शेजारणी काढणार नाहीत, हवालदारही नाही. चुलीतली राख उपसाल, पण त्याला हात लावणार नाही. आयंना ते पक्कं ठाऊक होतं. मी पडले दिरे-दावाची, मला तो फक्त एक गुंडाळलेला गालिचा दिसतो, आत हात जाईल एवढा पोकळ."

"हे सगळं तुमच्या मनाचं!" आय ओरडली.

"आणि कुलूप?" अत्सेदेनं विचारलं. "ताये पानं आणायला गेला तेव्हा दरवाज्याला कुलूप होतं. तुम्ही त्यानंतर ओरडलात. चोरी कळायच्या आधीच कुलूप कसं लागलं, आय?"

आय शमसिया कमरेची किल्ली मुठीत धरून खाली बसली.

"ताये, गालिचा काढ."

"ताई, मला नका सांगू हे काम."

अत्सेदेनं रेदवानकडे बघितलं. त्यानं मान हलवली. "मी हात लावला तर उद्या म्हणतील, जबरदस्तीनं काढला."

तेव्हा नेबिला पुढं झाली. ओल्या मातीत पाय रोवून ती ओट्यावर चढली आणि तिनं दोन्ही हातांनी गालिचा खाली ओढला. तो दाणकन जमिनीवर आदळून उलगडत गेला. सोन्याचे मणी चकाकत तायेच्या पायाशी आले.

"या अल्लाह!" केब्रोमशेठांच्या तोंडून निघालं, आणि ते तर ख्रिस्ती!

"का गं आय?" नेबिला म्हणाली. ती रडत नव्हती. "तुला तो आवडत नाही का?"

"आवडतो," आय म्हणाली.  "वाईट काय आहे त्याच्यात? पण तू गेलीस की या घरात मी एकटी काय करू? भिंतींशी बोलू? नाही म्हणायला कारण नव्हतं, म्हणून कारण तयार केलं. हवालदार दोन थपडा मारून सोडेल, असं वाटलं होतं."

"आणि माझं नाव?" रेदवाननं विचारलं.



बाहेर कडी वाजली. "आय शमसिया! हवालदार आलोय!"

आयनं कमरेची किल्ली काढून लेकीकडे धरली. नेबिलानं ती घेतली नाही. शेवटी आयच उठली, गुडघे धरत अंगण ओलांडलं आणि दरवाजा उघडला. हवालदारामागं निम्मी गल्ली उभी होती.

"कुठाय चोर?"

आयनं मागं वळून बघितलं. रेदवान उंबऱ्यावर उभा होता. त्यानं मान खाली घातली नाही.

"चोर नाही," आय पुटपुटली. "हार घरातच होता."

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

"हार मीच लपवला होता!" ती मोठ्यानं म्हणाली, गच्च्यांवरच्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "या पोराला नाही म्हणायचं होतं म्हणून. त्यानं काही घेतलेलं नाही. काल नाही, आज नाही, कधीच नाही."

 हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं, मग काही न लिहिता निघून गेला.

रेदवाननं बूट घातले, बिल्ला सरळ केला.  "चला मंडळी, उशीर झाला. एरेर दरवाजा राहिलाय."

पाहुणे एकेक करून बाहेर पडले. तायेनं तर गाडीकडे धावच ठोकली. सगळ्यांत मागून नेबिला आली. तिनं लाल पाय धुतलेसुद्धा नव्हते, तसेच चपलेत घातले होते.

"तू कुठं निघालीस?" आयनं विचारलं.

"शहर बघायला," नेबिला म्हणाली. "जेवायला येईन. उद्या त्यांची माणसं आली की उत्तर मी देणार आहे, आणि तू शेजारी बसणार आहेस."

आयनं दाराची चौकट धरली. लेक गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी ती तिथंच उभी होती. मग तिनं किल्ली आणि कुलूप दोन्ही आत नेऊन ठेवलं. दरवाजा मात्र उघडाच ठेवला.